मारुती नव्हे, मरुत

दादानं मराठहळ्ळीत फ्लॅट घेतला तेव्हा आईनं अख्ख्या सोसायटीत सांगून टाकलं होतं, की पोरगा परमुलखात गेला खरा, पण पडला मराठ्यांच्याच गावात. हळ्ळी म्हणजे गाव, एवढं कन्नड आमच्याकडे सोलापूरच्या आजोळामुळे सगळ्यांना येतं. उरलेला शब्द तर आपलाच. यंदा दिवाळीनंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच तिथं गेलो आणि बंगळूरला उतरल्याच्या दुसऱ्या तासात एका रिक्षावाल्यानं हा अभिमान मोडीत काढला.

उद्यान एक्स्प्रेसबद्दल तक्रार नाही, आईला खालचा बर्थ मिळाला. तक्रार पुढची आहे. स्टेशनाबाहेर तीन कॅबवाल्यांनी एकामागून एक 'येतो' म्हणून ट्रिप रद्द केली. शेवटी दोन बॅगा, चकल्यांचा डबा आणि गुडघेदुखीवाली आई घेऊन मी मेट्रोनं बैयप्पनहळ्ळी गाठलं. दादा फोनवर म्हणत होता, "मी येतो ना घ्यायला," आणि मी हट्टानं म्हणत होते, "आम्ही डोंबिवलीच्या आहोत, गर्दीचं काय सांगतोस." हे वाक्य मी मागे घेते. डोंबिवलीची गर्दी निदान पुढे सरकते.

बैयप्पनहळ्ळीहून रिक्षा केली. ती एका रस्त्याला लागली आणि थांबली ती थांबलीच. पंधरा मिनिटांत एक बेकरी, एक पंक्चरचं दुकान आणि पुन्हा तीच बेकरी बघून झाली. आईनं दुकानाची पाटी वाचली. पत्ता इंग्रजीत, एका शब्दात: सुरंजनदास रोड. तिनं हात जोडले.

"कुणाला गं नमस्कार?"

"अगं, पुरंदरदास, कनकदास, तसेच हे कुणी असतील. हरिदासांचा मुलूख हा."

मला ते पटलं. इतकं पटलं, की सुरंजनदासांचं एखादं पद आपण कधी ऐकलंय का, हेसुद्धा मी आठवून पाहिलं. म्हणून मी आईला हसणार नाही.

रिक्षावाला गप्पिष्ट होता. कुठून आलात, कुठं उतरणार, सगळं विचारून झालं. आई म्हणाली, मराठहळ्ळी, आमच्या मराठ्यांची. तो आरशात बघून हसला. "मराठा नहीं माँजी. मारुत. फायटर प्लेन था, इधर गिरा था. उसी से नाम पडा."

आई बराच वेळ गप्प. मग माझ्या कानाशी येऊन, "मारुतीचं विमान होतं?"

"मारुती नव्हे गं, मरुत." आणि हे बोलताना मला एकदम वरळी आठवली. नेहरू सायन्स सेंटरची शाळेची सहल. तिथं बागेत एक विमान उभं आहे, लांब चोचीचं. त्याच्या सावलीत बसून आम्ही डबे खाल्ले होते, आणि सावंतांच्या मुलीनं माझी शेवटची पुरणपोळी पळवली होती. तेच हे मरुत. ते उडवणारं कुणी माणूस असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतरच्या पस्तीस वर्षांत तरी कुठं सुचलं?

रात्री भाच्यानं लॅपटॉपवर शोधून दिलं आणि आमचे हरिदास सापडले. दास हे आडनाव. विंग कमांडर सुरंजन दास, हवाई दलाचे चाचणी वैमानिक, बंगाली. वडील सुधी रंजन दास, भारताचे सरन्यायाधीश. इंग्लंडच्या एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूलमध्ये शिकून आलेले. १७ जून १९६१ ला मरुत पहिल्यांदा आकाशात गेलं ते यांच्या हातून, इथूनच, बंगळूरहून. आठवड्यानं, २४ जूनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर त्यांनी ते जाहीरपणे उडवून दाखवलं.

"आणि ते साउंड बॅरियर तोडायला बनवलं होतं," भाचा म्हणाला. "मॅक टू. आवाजाच्या दुप्पट."

"मग तोडलं?"

"आत्या, ते तर चक यीगरनं १९४७ लाच तोडलं."

यीगर, तो अमेरिकन वैमानिक, मलाही माहीत होता. १४ ऑक्टोबर, कॅलिफोर्नियाचं वाळवंट, बी-२९ बॉम्बरच्या पोटाखाली टांगून नेलेलं ते नारिंगी रॉकेट-विमान, एक्स-१. दोन दिवस आधी घोड्यावरून पडून बरगड्या मोडलेल्या, दार ओढता येईना म्हणून मित्रानं झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला, आणि तशा अवस्थेत हा माणूस मॅक १.०६ गाठून आला. गोष्ट झकास आहेच. पण मला त्या 'यीगरनं तर' मधल्या 'तर'चा राग आला. यीगर उडाला तेव्हा आपल्या स्वातंत्र्याला पुरते दोन महिनेही झाले नव्हते. त्यांच्याकडे रॉकेट होतं. आपल्याकडे काय होतं, हे बघायला मी दुसऱ्या दिवशी जाणार होते. प्रत्यक्षात तीन दिवसांनी गेले. मधे लालबाग, नंदी हिल्स आणि वहिनीच्या माहेरचं जेवण झालं.

एचएएलचं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं, हेरिटेज सेंटर जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर आहे, दादाच्या घरापासून सरळ. टोपी न्या, असं सांगणार होते. मी नेली नाही, आणि आईची ओढणी डोक्याला गुंडाळून फिरले. सगळ्या फोटोंत मी भाजीवालीसारखी दिसते.

आवारात विमानं झाडांखाली मांडून ठेवलीत. मिग-२१ भोवती शाळेची पोरं. कॅनबेराखाली सेल्फी. मरुतपाशी कुणीच नव्हतं. लहानपणी पाहिलं त्यापेक्षा ते देखणं वाटलं, म्हणजे आता मला देखणेपणा कळतो. नाक लांब, पंख मागे ओढलेले, आणि कमरेत अंग चोरून घेतलेलं. ही कमर मुद्दाम आहे. पंख सुरू होतात तिथं धड बारीक केलं, की आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी होतो.

आईला हे कसं समजवावं? "दादरच्या पुलावर हमाल 'ओ बाजू, बाजू' करत येतो ना, तो पोचायच्या आधी त्याची हाक पोचते. लोक सरकतात. विमानाचंही तसंच, त्याची चाहूल हवेला आधी लागते. पण हमाल हाकेपेक्षा जोरात धावायला लागला तर?"

"तर चेंगरतील सगळे."

"हवा तशीच पुढ्यात साठते. विमान हादरतं."

"मग हळू जावं की," आई म्हणाली आणि बाकावर बसली.

मी मागच्या बाजूला गेले. शेपटीखाली दोन गोल नळकांडी, शेजारी शेजारी. वाकून आत बघत होते तर मागून आवाज आला, "बाई, काय बघायलाय तिकडं?"

मराठी! आणि तीही बेळगावची. पांढरा शर्ट, खिशाला पेन, एका हाताला नातू, दुसऱ्या हातात चिरमुऱ्यांची पिशवी. खानापूर तालुक्यातले. ७२ साली एचएएलला लागले, सगळी नोकरी इंजिनांवर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नातवाला दर सुट्टीत इथं आणतात, नातवाला त्याचा कंटाळा आलेला आहे हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी विचारलं, "हे आवाजाच्या पुढे गेलं का हो कधी?"

त्यांनी आधी विमानाकडे पाहिलं. घरातल्या माणसाबद्दल परक्यानं वाकडं विचारलं की आपण बघतो तसं.

"हाड पैलवानाचं हो," ते म्हणाले. "खुराक मिळाला नाही."

मग पाऊण तास आम्ही त्या दोन नळकांड्यांमागे उभे होतो. आईनं दोनदा हाक मारली, मग तिनं नातवाला चकली दिली आणि त्याच्याशी जमवून घेतलं.

गोष्ट अशी. हवाई दलाला मॅक दोन गाठणारं विमान हवं होतं. १९५६ मध्ये कुर्ट टांक आले, जर्मनांचं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान ज्यांनी केलं तेच, आणि सोबत त्यांचे अठरा इंजिनिअर. त्यांनी आधी अख्ख्या मापाचं लाकडी विमान बनवलं, इंजिनाशिवाय. १९५९ पासून डकोटा या मालवाहू विमानाच्या मागे दोर बांधून ते वर न्यायचे आणि सोडायचे. अशी ७८ उड्डाणं. सांगाडा उत्तम ठरला. जे इंजिन धरून तो आखला होता, ब्रिटिशांचं ऑर्फियस १२, त्याला मागे ज्वाळा पेटवून साधारण ३,७०० किलोचा जोर मिळणार होता. ते इंजिन ब्रिटिशांना स्वतःला नको झालं. पुढचा खर्च तुम्ही द्या, म्हणाले. दिल्लीनं दिला नाही. मग छोट्या नॅट विमानासाठी बंगळूरला ऑर्फियस बनतच होतं, त्याचाच भाऊ ७०३ बसवला. जोर २,२०० किलो.

"एकाचा?"

"एकाचा. दोन बसवली म्हणून उडालं. पण मॅक दोन कुठलं? उंबऱ्यापाशी जाऊन थांबायचं."

मग इंजिन शोधत फिरणं. इजिप्तलाही एक मरुत पाठवलं होतं, ६७ साली, तिथल्या नव्या इंजिनाची चाचणी घ्यायला. तोही प्रकल्प ६९ ला गुंडाळला. घरची सून वीजबिलाची रांग लावत फिरते तसं आमचं विमान देशोदेशी फिरलं, असं ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.

"आणि ज्वाळा पेटवायचं? ते इथं नाही का केलं?"

"रीहीट. केलं की." त्यांनी नळकांड्याच्या कडेला बोट लावलं. जेटमधून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात अजून बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. तिथं पुन्हा इंधन फवारायचं आणि पेटवायचं. जोर वाढतो, तेल मात्र पाण्यासारखं जातं, आणि मागचं तोंड त्याप्रमाणे मोठं करता आलं पाहिजे. ऑर्फियसलाच तशी शेपूट जोडून नवं मरुत केलं, मार्क वन-आर. खुराक घरीच शिजवायचा ठरवला.

"मग?"

ते पिशवीची गाठ सोडायला लागले. चिरमुरे माझ्या ओंजळीत ओतले.

"दास सायबांनी घेतलं ते वर. १० जानेवारी, सत्तर. उडतानाच पडलं." थोडं थांबून, "माझ्या आधीचं. मी ७२ चा. पण शॉपमधली जुनी माणसं जानेवारी आला की बोलायची नाहीत फार."

मला त्या रस्त्यावरची पंधरा मिनिटं आठवली. हॉर्न वाजवणाऱ्या मागच्या बसला मी तिथं काय काय बोलले होते तेही. सरकारनं दासांना मरणोत्तर पद्मभूषण दिलं. त्यांचा रस्ता त्यांच्याच कारखान्याच्या अंगानं जातो. पण लोकांच्या तोंडात मात्र विमान पडलं म्हणून गावाला नाव पडल्याची कथा. तीही मी त्या बेळगावच्या आजोबांना सांगितली.

"ते काय खरं नव्हे," ते म्हणाले. "गाव आधीपासनं. मत्तीचं झाड असतंय, कन्नडमध्ये झाडाला मर म्हणतात. त्यावरनं. विमान तर ६१ चं."

म्हणजे मराठे गेले, मरुतही गेलं. झाड उरलं. आईला हे सांगायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

निघताना ते म्हणाले, "या हिकडं," आणि मला पंखाच्या मुळाशी घेऊन गेले. "नख फिरवा."

हात लावावा की नाही, मी घुटमळले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "फिरवा हो. आमचंच आहे."

पत्र्यावर रिव्हेटांची रांग होती. मी अंगठ्याचं नख वरून ओढलं. जरासं, अगदी जरासं अडकलं.

"अडकलं न्हवं? तो रंग आहे. उन्हापावसात उभं राहायचं म्हणजे रंगावर रंग द्यावाच लागतोय." त्यांनी स्वतःचं नख फिरवलं, डोळे मिटून. "खाली गुळगुळीत आहे. डोकं पत्र्याच्या बरोबरीनं बसवलेलं. नख अडकलं तर तिथं हवाही अडकते. आमच्या वेळी नख अडकलं की सायेब काम परत करायला लावायचे."

असली १४७ विमानं बनली. ७१ च्या लढाईत राजस्थानच्या सीमेवर लढली, लोंगेवालालाही होती, आणि १९९० च्या सुमाराला सगळी निवृत्त झाली. हे ते बोलले नाहीत, हे मी नंतर वाचलं. ते नातवाचा हात धरून मिगकडे गेले, कारण नातवाला मिग आवडतं.

संध्याकाळी भाच्यानं विचारलं, "काय आत्या, तोडलं की नाही?" मी म्हटलं, यीगरला इंजिन आयतं मिळालं होतं. तो म्हणाला, हा काही मुद्दा नाही. आम्ही रात्री अकरापर्यंत भांडलो. वहिनीनं बिसीबेळे भात केला होता, तो गार झाला, आणि हे माझ्या एकटीच्या माथी मारण्यात आलं.

मग म्हैसूर, साड्या, परतीची तिकिटं. गाडीत यावेळी आईला मधला बर्थ मिळाला आणि टीसीला विनवण्या करून खालचा घेईपर्यंत गुंटकल आलं. झोप उडालेली. मी खिडकीशी बसून होते.

"काय कुरतडतेस?" आई म्हणाली.

खिडकीच्या पट्टीला सहा स्क्रू होते. सहाही वर आलेले.

"काही नाही."

"नख तुटेल," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.