पणजोबांचा माग: फेरफाराची साखळी कुठवर आली

वतनदार-इनामदारांची वंशावळ दप्तरात तयार मिळते. इथे शोध एका साध्या शेतकऱ्याचा आहे, आणि तो सापडतो तो शेतसारा भरत होता म्हणून. त्यामुळे जन्मतारीख शोधत न बसता आधी जमीन धरली.

पहिला टप्पा झाला: हस्तलिखित सातबारा. संगणकीकृत उतारा इथे फारसा कामाचा नाही. जुन्या उताऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा दिसतो तो फेरफार क्रमांक (फेरफार म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद), आणि कंसातलं नाव म्हणजे हक्क कमी झालेला माणूस. वर्तुळातल्या आकड्याचा फेरफार काढायचा, त्यातून आधीचा खातेदार मिळतो, मग त्याचा फेरफार. काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो.

साखळी तुटते ती बहुतेकदा गट नंबरापाशी. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी वेगवेगळ्या वर्षी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन त्याच्या मागचे कागद मागितले तर "नोंद नाही" एवढंच उत्तर येतं. आधी एकत्रीकरणाचा उतारा घ्या. त्यात जुन्या-नव्या नंबरांचा मेळ असतो.

खरा खजिना वारस नोंदीत आहे. ती शब्द न शब्द उतरवून घ्यावी, नुसता फोटो काढून ठेवू नये. एखाद्या ओळीत "मयत, वारस मुलगा वय 9, अ.पा.क. आई" एवढंच असतं. त्यातून मुलाचं जन्मवर्ष अंदाजे कळतं, बाप गेला तेव्हा आई हयात होती हे कळतं, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता असल्याने घर तिच्यावर आलं होतं हेही कळतं. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या आड भाऊ लपलेले असतात आणि ते पुढे वाटपाच्या फेरफारात उघडे पडतात. 1956 च्या वारसा कायद्याआधीच्या नोंदींत बहुधा मुलगेच दिसतात. मुली नव्हत्या असा निष्कर्ष त्यावरून काढणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणखी एक: फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. नोंद कधी कधी कित्येक वर्षांनी झालेली असते.

मृत्यूसाठी आणि त्या राहून गेलेल्या मुलींसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक ही गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, चाळलं. इथे नाव शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. "मुलगी" आणि बापाचं नाव, एवढंच मिळतं. म्हणून बापाच्या नावावर सगळी पानं बघायची. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव असतं, पण जन्मतारीख 1 जून असेल तर ती गुरुजींनी सोयीने घातलेली समजावी.

सगळ्यात घातक चूक नावाची. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्याने तेच नाव एक पिढी सोडून परत येतं, भाऊबंदांतही येतं. नाव आणि बापाचं नाव जुळलं तरी थांबू नये. सर्व्हे नंबर किंवा चतुःसीमेतला (शेताच्या चारी हद्दींवरचा) शेजारीही जुळला तरच माणूस पक्का धरावा. जुन्या कागदांत "अमुक बिन तमुक" मध्ये तमुक हा बाप, तर "कोम" नंतर येतो तो नवरा. हे उलटं वाचलं की एक पिढी चुकलीच.

आता मोडीचे कागद समोर आहेत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग लिहिलेले, म्हणून आधी घरची माहीत असलेली नावं मोडीत लिहून बघावीत, मग ती पानात ओळखू येतात. सन तपासूनच घ्यावा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा 79). दख्खनी फसलीत, म्हणजे जुन्या महसुली वर्षात, 590 मिळवायचे, आणि ते वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून फसली 1310 म्हणजे जून 1900 ते जून 1901.

राहिलेलं काम: आणेवारी, म्हणजे आण्यांत लिहिलेला जमिनीतला हिस्सा. एका नोंदीत हिस्सा चार आणे आहे, म्हणजे रुपयातला पाव. भाऊ मात्र तीनच सापडलेत. चौथ्या हिश्शाचा माणूस वाटपाच्या फेरफारात शोधायचा आहे.