बचाव दाखवायचा, माणसाला उघडं पाडायचं नाही

मानसोपचारात स्वभावातल्या बचावांवर, म्हणजे दुखरी भावना टाळण्यासाठी अंगात मुरलेल्या सवयींवर, काम करणं अवघड असतं, कारण रुग्णाला त्यांचा त्रासच जाणवत नाही. भीतीचा झटका आला तर तो स्वतःहून सांगतो, पण कायम हसतमुख राहणं किंवा प्रत्येक भावनेची तात्त्विक चर्चा करणं, याबद्दल त्याचं उत्तर ठरलेलं: "मी आहेच असा." मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांनी १९३३च्या पुस्तकात याला चिलखत म्हटलं आणि खोलवरच्या आशयाआधी त्याकडे लक्ष देण्याचा आग्रह धरला. क्रम मला पटतो. मात्र सारखं बोट ठेवत राहिलं की रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. उलट नुसतंच समजून घेत राहिलं, तर बचाव उपचारातही सुखाने नांदतो.

समजा, एक बाई वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगताना हसते. पहिल्यांदा काही बोलू नये. तीन-चारदा तेच घडलं, की प्रसंग ताजा असतानाच म्हणावं: "हॉस्पिटलमधल्या रात्रीचं सांगताना तुम्ही मध्येच हसलात. लक्षात आलं का तुमच्या?" बस्स, एवढंच. 'का हसलात' विचारलं की ती खुलासा देत बसते आणि भावना निसटते. तिला स्वतःला ते दिसलं, की आधी भीतीबद्दल बोलावं: "रडू आलं तर समोरचा वैतागेल, असं वाटतं का?" बचावाची किंमत त्यानंतर: "पण मग तुम्हाला किती दुखलं, ते कुणालाच कळत नाही." हा क्रम उलटला की तेच वाक्य टोमणा होतं.

नेम बसला की नाही, हे तिच्या होकारावरून ठरवू नये. एखादी आठवण वर आली, आवाज बदलला, तर काम पुढे सरकलं. झटकन "हो, अगदी बरोबर" म्हणून विषय बदलला, तर ते आज्ञाधारकपण हाही बचावच. पुढच्या वेळी ती उशिरा आली, तुटक बोलली, तर आधी "मागच्या वेळचं माझं बोलणं लागलं का?" हे विचारायलाच हवं.

पन्नास मिनिटांच्या सेशनमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत असं काही काढू नये. उघडलेलं सावरायला वेळच उरत नाही. आपल्याला रुग्णाचा वैताग आलेला असेल, तेव्हा तर मुळीच नाही. शब्द कितीही मऊ असले तरी त्यातला राग त्याला ऐकू येतो. अपवाद एकच: बचावामुळे जिवाला धोका असेल किंवा उपचारच मोडत असेल, तर थांबू नये, त्याच सेशनमध्ये स्पष्ट बोलावं.