इतवारी ते छिंदवाडा पॅसेंजरने: घाटाची वाट आणि नागभीडच्या गाडीची वाट पाहणारे लोक

नागपूरहून छिंदवाड्याला जायचं म्हटलं की लोक अजूनही बसचीच चौकशी करतात. २०१५ च्या अखेरीस नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांची, गाडी बंद झाली, रुंद रुळांची ब्रॉडगेज पूर्ण व्हायला बरीच वर्षं लागली आणि तेवढ्यात रेल्वेची सवयच मोडली. सुमारे दीडशे किलोमीटरची ही वाट आम्ही पावसाळ्यात पॅसेंजरने केली. मनापासून सांगतो, एकदा जाच.

गाडी मुख्य स्टेशनवरून नाही, इतवारीहून सुटते. मोबाइलवर तिकीट काढताना ‘नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी’ असं पूर्ण नाव दिसेल, तेच निवडा. प्रवास जनरल तिकिटाचा, रिझर्व्हेशनची भानगड नाही. सीताबर्डीकडून येणार असाल तर गांधीबाग-इतवारीच्या बाजारातली गर्दी धरून अर्धा तास जास्तीचा ठेवा. परतीच्या गाडीची वेळ मात्र आदल्या दिवशीच पाहून घ्या. गाड्या मोजक्या आहेत, चुकली की बसनेच यावं लागेल.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या मागे पडल्या की कपाशी आणि संत्र्याच्या बागा सुरू होतात. खिडकी मिळाली नसेल तर सावनेरपर्यंत धीर धरा, तिथे डबा बराच रिकामा होतो. सौंसर मध्य प्रदेशात, पण डब्यातली भाषा बदलत नाही. समोर बसलेल्या बाई माहेरी निघाल्या होत्या. म्हणाल्या, “लेकरं घेऊन बसनं जायाचं म्हणजे लय खर्च होते जी. ही गाडी हाय म्हणून येणं होते.” जामसावळीच्या मारुतीला जाणारे सौंसरलाच उतरतात, पुढे ऑटो मिळते. गर्दी नको असेल तर शनिवार-मंगळवार टाळा.

रामाकोन्यानंतर सातपुडा अंगावर येतो. भिमालगोंदी ते भंडारकुंड हा घाटाचा तुकडा सगळ्यात शेवटी पूर्ण झाला. डोंगर कापून केलेल्या खोल कटिंगमधून गाडी जाऊ लागली की त्याला इतका वेळ का लागला ते कळतं. पावसात इथे मोबाइल खिशात ठेवा आणि बाहेर बघा. खायचं मात्र नागपूरहूनच घेऊन निघा. छिंदवाड्याहून शिवनी, नैनपूरकडेही आता ब्रॉडगेज आहे, मुक्कामी जाणाऱ्यांना वाट मोकळी आहे.

नागपूरभोवती रेल्वेची कामं मोठी मंजूर झाली आहेत. २०२५ मध्ये गोंदिया-बल्लारशाह हा २४० किलोमीटरचा मार्ग दुहेरी करायला मंजुरी मिळाली, इटारसी-नागपूर चौथ्या लाइनलाही मिळाली. मालगाडी आणि एक्सप्रेस पुढे काढण्यासाठी पॅसेंजरला बाजूला उभं करतात, ते यामुळे कमी व्हायला हवं. पण मला सगळ्यात निकडीची वाटते ती नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडला जाणारी लाइन. नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली, ब्रॉडगेजचं काम महारेल या राज्य सरकार आणि रेल्वेच्या संयुक्त कंपनीकडे आहे आणि उमरेड, भिवापूरचे लोक तेव्हापासून एसटीवर आहेत. नागभीडला ही लाइन गोंदिया-बल्लारशाह मार्गाला मिळते, म्हणजे ब्रह्मपुरी-मूलकडच्या माणसाला नागपूरच्या दवाखान्यात यायची सोय होईल. ती सुरू होईल तेव्हा पहिली गाडी सकाळी कॉलेज-ऑफिसच्या वेळेआधी नागपुरात पोहोचणारी आणि शेवटची संध्याकाळी सातनंतर सुटणारी हवी. ही मागणी उमरेड-भिवापूरच्या प्रवाशांनी आतापासूनच लावून धरावी.