माफीचा कागद

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्याख्यान संपलं की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, लेखक चुकला तर त्यानं जाहीर माफी मागायला नको का?"

मागावी की. पण माफी मागून झाल्यावर विषय मिटणार आहे का, हे आधी सांगा. २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव. त्यांच्या तुकोबांवरच्या कादंबरीमुळे वारकरी दुखावले. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं. तरी विरोध शमला नाही. त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं. वारकऱ्यांचं दुखणं मला खोटं वाटत नाही, तुकोबा आमच्याही देव्हाऱ्यातले. पण वाद मजकुराचा होता. तो समोर ठेवून बोलायला संमेलनाहून चांगली जागा कुठली? ती संधी हातची गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

यवतमाळच्या संमेलनात २०१९ मध्ये उलट झालं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ऐन वेळी येऊ नका म्हणून कळवलं. तेव्हा संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. याला मी जबाबदारी घेणं म्हणते. चूक ज्या संस्थेत झाली, तिथलाच माणूस खुर्चीवरून उठला.

मी स्वतः उठले नव्हते, म्हणून हे इतकं आतून बोलते. आमच्या तालुक्याच्या साहित्य मंडळाच्या अंकात कॉलेजातल्या एका मुलानं निवृत्त मास्तरांची कविता स्वतःच्या नावावर दिली. चोरी उघड झाली आणि आम्ही त्याला भर कार्यक्रमात व्यासपीठावर उभं केलं. माइक त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. कागद वाचताना 'अक्षम्य' या शब्दाशी तो दोनदा अडखळला. तो शब्द माझा होता. माफीनामा मीच लिहून दिला होता. कविता निवडणाऱ्यांतही मी होते, दोन वेळा वाचून मीच ती पसंत केली होती. त्या कागदावर हे कुठंही नव्हतं.

मुलगा पुन्हा मंडळात फिरकला नाही.

आठवड्यानं मी मास्तरांकडे गेले. तुमची बाजू आम्ही कशी लावून धरली, ते सांगायला. ते ओसरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बाई, मला एकदा विचारायचं तरी. मी त्याला घरी बोलावलं असतं."