सोन्याचं वासरू परक्यांनी नव्हतं केलं

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायातलं पाचवं वचन फारसं कोणी वाचून दाखवत नाही. वासराची गोष्ट सगळ्यांना येते, संडे स्कूलपासून चित्रं बघत आलोय, मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेल्या इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सीनाय डोंगरावर, खाली लोकांचा धीर सुटलेला, मोशेच्या मोठ्या भावाने, अहरोनाने, बायकापोरांच्या कानातलं सोनं मागून घेतलं आणि वासरू ओतलं. पण त्यानंतर तो वासरापुढे वेदी बांधतो आणि जाहीर करतो की उद्या परमेश्वराचा सण आहे. परमेश्वराचा! मिसरातल्या कुठल्या देवाचा नाही. म्हणजे नाव तेच ठेवलं, फक्त डोळ्यांना दिसेल आणि आपल्या पुढे चालेल असा देव पाहिजे होता लोकांना. आणि मोशेने जाब विचारला तर हा मोठा भाऊ म्हणतो, मी सोनं आगीत टाकलं आणि त्यातून हे वासरू निघालं.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे गणपती जवळ आले. आपल्या इंदूरात गल्लीगल्लीत मंडप लागतात, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, रात्रभर अख्खं शहर रस्त्यावर, आणि नेमकं याच दिवसांत आपल्या मराठी ख्रिस्ती घरांमधून, कधी कधी तर व्यासपीठावरूनही, दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा, मूर्ती करू नको आणि तिच्या पाया पडू नको, खिडकीबाहेर बोट दाखवून वाचली जाते. मला हे अजिबात पटत नाही. आज्ञा मी मानते, शब्दन्‌शब्द मानते, बायबल याबाबतीत कुठेही मऊ नाहीये, यशया ४४ वाचा, एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो, इतकं धारदार लिहिलंय. पण ते ऐकवलं कोणाला? स्वतःच्याच लोकांना. दहा आज्ञांची सुरुवातच मुळी अशी आहे की मी तुला मिसरातून, गुलामीतून बाहेर आणलं, आणि मग पुढे की माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत. आधी सोडवणूक झाली मग अट आली, आणि अट ज्याला सोडवलं त्याला. म्हणून तर होशेय संदेष्टा ही सगळी गोष्ट नवराबायकोची म्हणून सांगतो, त्याची बायको गोमर त्याला सोडून जाते आणि देव त्याला म्हणतो की जा, तिच्यावर पुन्हा प्रेम कर. शेजारच्याच्या बायकोवर कोणी असा हक्क सांगतं का?

मला सगळ्यात जास्त हलवून टाकते ती पितळी सापाची हकिकत. गणना २१ मध्ये लोकांना विषारी साप चावतात, देव स्वतः मोशेला सांगतो की साप करून खांबावर लाव, जो बघेल तो जगेल, आणि खरंच लोकं जगतात. मग शेकडो वर्षं तो साप जपून ठेवला जातो, आणि २ राजे १८ मध्ये कळतं की लोकं त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने दिलेली वस्तू, मोशेच्या हातची, जिने जीव वाचवले! तिचाही देव होऊन बसला. मग आपण कोण लागून गेलो, चर्चच्या जागेवरून कोर्टात जाणारे, कमिटीच्या खुर्चीसाठी वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे. प्रेषित पौल कलस्सैकरांस पत्रात सरळ लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, आणि हे पत्र मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांना, लिहिलेलं आहे, बाजारातल्या लोकांना नाही.

बाहेरच्यांशी तोच पौल कसा वागला ते प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये आहे. इफिसात अर्तमी देवीचं केवढं मोठं प्रस्थ, चांदीचे देव्हारे बनवणाऱ्या देमेत्रियाने धंदा बुडेल म्हणून दंगल उसळवली, आणि शेवटी शहराचा अधिकारीच उठून सांगतो की या माणसांनी ना देऊळ लुटलं ना आपल्या देवीची निंदा केली. इतकी वर्षं तिथे प्रचार करून, हाताने घडवलेले देव हे देव नव्हेत असं स्पष्ट सांगूनसुद्धा!

प्रसादाचं विचाराल तर मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलानेच लिहिलंय, १ करिंथ ८ आणि १० दोन्ही अध्याय वाचा, एकच वाचलात तर अर्धवट समजेल. आमच्या शेजारच्या काकू २१ मोदक नैवेद्याच्या ताटात काढतात आणि त्याच चाळणीतले, पण ताटात न ठेवलेले, आमच्यासाठी डब्यात भरतात, वर तूप वेगळ्या वाटीत. आम्ही त्यांना कधीतरी प्रेमाने सांगितलं होतं, त्यांनी ते लक्षात ठेवलं, आणि नाताळात आमच्याकडच्या करंज्या पहिल्यांदा त्यांच्याच घरी जातात.

चर्चच्या यूथ ग्रुपमधल्या मुलामुलींचा खरा प्रश्न वेगळाच असतो, ऑफिसात पूजा असते तेव्हा काय करायचं. मी त्यांना नामानाचं सांगते, २ राजे ५. कोड बरं झाल्यावर हा अरामी सेनापती म्हणतो की यापुढे मी फक्त परमेश्वरालाच अर्पण करीन, पण माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन देवाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं मला माफ होवो. अलीशा संदेष्टा त्याला फक्त म्हणतो, शांतीने जा. आणि दानीएल ३ मधले ते तिघे, शद्रख, मेशख, अबेद्नगो, राजाने उभारलेल्या पुतळ्यापुढे वाकत नाहीत आणि भट्टीत टाकले जातात. दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत. माझं मत विचाराल तर आदल्या दिवशीच साहेबांना नीट सांगून ठेवा की मी आरती करणार नाही, मात्र सतरंजी घालायला, खुर्च्या लावायला, सगळ्यांना चहा द्यायला मी आहे, बहुतेक साहेब ऐकतात.