दहा तीन

"मॅडम, दहा तीन म्हणजे दहाचा तिसरा घातच ना?"

दारातून आत येता येताच तिने विचारलं. हातात तपासून आलेला चाचणीचा पेपर. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, जन्मापासून दृष्टिहीन, अभ्यासात अतिशय पक्की मुलगी. या वेळी २० पैकी ७. अभिक्रियेच्या वेगावरची सगळी गणितं चुकली होती. तिने काढलेला हाफ लाइफ, म्हणजे पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ, ०.०००२७७ सेकंद, खरं उत्तर २७७ सेकंद. आकडे तेच, फरक दहा लाख पटींचा. सरांनी समासात लिहिलं होतं, 'असं होऊ शकतं का, विचार करा.' ते तिला मी वाचून दाखवलं. ती गप्प राहिली.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांना नोट्स, पुस्तकं, प्रश्नपत्रिका वाचता येतील अशा स्वरूपात करून देणं हे माझं काम. या चाचणीची फाइलही मीच केली होती. विभागाकडून आलेला स्कॅन म्हणजे नुसता पानाचा फोटो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षरही सापडत नाही, म्हणून तो ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा, चुका दुरुस्त करायच्या आणि फाइल द्यायची.

"तू कसं ऐकलंस, मला ऐकव," मी म्हटलं. ती एनव्हीडीए वापरते. हा स्क्रीन रीडर २००६ पासून विकसित होतोय आणि मोफत मिळतो. ती ज्या वेगाने ऐकते तो मला झेपत नाही, म्हणून तिने माझ्यासाठी वेग कमी केला. इअरफोनमध्ये ऐकू आलं: "के बरोबर दोन पॉइंट पाच एक्स दहा तीन." के म्हणजे अभिक्रियेचा वेग ठरवणारा स्थिरांक.

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे होतं 10-3. ओसीआरने वर चढवलेला घात ओळीत खाली उतरवला होता आणि उण्याच्या जागी साधी आडवी रेघ ठेवली होती. ती रेघ एनव्हीडीए मूळ सेटिंगमध्ये बोलतच नाही, कारण जोडशब्दांतली प्रत्येक रेघ बोलली तर वाचन अशक्य होईल.

"घात खाली पडतो हे मला माहीत आहे, म्हणून मी घात धरला," ती म्हणाली. "पण उणे आहे हे मला कसं कळणार?"

मला फार लागलं ते. तिचा तर्क शंभर टक्के बरोबर होता. फाइल मी तपासली होती, पण डोळ्यांनी. माझ्या डोळ्यांनी 10-3 पाहिलं आणि घात, उणे सगळं आपोआप भरून घेतलं. कानाने एकदाही ऐकलं नव्हतं.

सरांना फोन केला. त्यांनाही वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "पण मूळ वर्डची फाइल आहे की माझ्याकडे. समीकरणं नीट टाइप केलेली आहेत." म्हणजे वाचता येणारी फाइल आधी छापली गेली, मग स्कॅन झाली, मग मी ती पुन्हा वाचता येणारी करत बसले आणि त्यात उणे हरवलं. मूळ फाइल मी कधी मागितलीच नव्हती, आणि कुणी मागेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दोन मिनिटांत मेल आला. गणित वाचणारं मॅथकॅट हे ॲड-ऑन एनव्हीडीएला जोडलं आणि तिने आपला ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर ठिपक्यांत उमटवणारं उपकरण, पुढे ओढला. अब्राहम नेमेथ या दृष्टिहीन गणितज्ञाने केलेल्या, १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणिती ब्रेलमध्ये घाताला स्वतःची खूण आहे आणि उण्यालाही. तिचं बोट दहावरून घाताच्या खुणेवर आलं, पुढे सरकलं आणि थांबलं. तिसरा आणि सहावा ठिपका. दोनदा मागे जाऊन तिने तीच जागा चाचपली.

"उणे," ती म्हणाली. पेपर न मागताच तिने तोंडी गणित सोडवलं: २७७.

सरांनी त्याच आठवड्यात तिची चाचणी पुन्हा घेतली. मूळ फाइल थेट माझ्याकडे पाठवायचं त्यांनी लगेच मान्य केलं. बाकीच्या विभागांकडून तेवढं मिळवायला मला अजून भांडावं लागतं, आणि ते मी भांडते.

ती गेल्यावर त्या सत्रात मी इतर मुलांना दिलेल्या विज्ञानाच्या ११ फायली काढल्या, पडदा बंद केला आणि इअरफोन लावला. तिसऱ्या फाइलच्या चौथ्या पानावर आवाज म्हणाला, "दहा पाच." स्कॅन उघडून पाहिला. उणे पाच होतं. ती फाइल ज्या मुलाला दिली होती त्याला फोन लावला.