जुना डेस्कटॉप बूट होईना, पण लगेच फॉरमॅट मारू नका

वर्षभर कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला डेस्कटॉप परवा चालू करायला घेतला. कोअर टू ड्युओ, डीडीआर२ च्या २-२ जीबीच्या दोन रॅम, विंडोज ७. बटण दाबलं, पंखे फिरले, पुढचा लाईट लागला आणि बस, मॉनिटर काळाच. बीपसुद्धा नाही. मला हा कॉम्प्युटर हवाच होता, कारण आमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे आलाच नाही आणि आईच्या हस्ताक्षरातल्या वह्या स्कॅन करायचं काम अर्धवट राहिलंय.

आधी एकच केलं, हार्ड डिस्क काढली, साटा टू यूएसबी केबलने लॅपटॉपला लावली आणि सगळा डेटा कॉपी करून घेतला. खरंच सांगतो, बाकी काहीही करण्याआधी हे करा. कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे डेटा गेला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण हार्ड डिस्क हा वेगळा पार्ट आहे, ती बहुतेक वेळा ठणठणीत असते. फक्त लॅपटॉपने "फॉरमॅट करायचं का" असं विचारलं तर कॅन्सल करायचं, हे विसरू नका.

मग एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा. पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला, असं सगळेच धरून चालतात आणि इथेच चुकतं, कारण पंखा १२ व्होल्टवर चालतो, ५ किंवा ३.३ ची लाईन बिघडलेली असली तरी तो फिरू शकतो. म्हणून मल्टिमीटर घेतला, काळी पिन काळ्या वायरवर आणि लाल पिन एकेका रंगावर. पिवळ्या वायरवर १२.१, लालवर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळी ११.४ ते १२.६ मध्ये असली की झालं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, जोराचा झटका बसू शकतो.

आता रॅम. मेन केबल काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि दोन्ही रॅम काढून टाकल्या. रॅम नसताना चालू केल्यावर बोर्डने बीप मारला (छोटा स्पीकर बोर्डला जोडलेला पाहिजे हं) तर समजायचं प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत आहेत, ते रॅम शोधतायत. केबल लावली, बटण दाबलं आणि लांब बीप सुरू झाले. इतका आनंद झाला ना! पंधरा वर्षांच्या जुन्या बोर्डाचं काय झालं असेल हीच धाकधूक होती.

रॅमचे सोनेरी पट्टे साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासले, चुरा पुसला, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली आणि एकच रॅम लावली. डिस्प्ले आला! मग दुसरी लावली, तरीही आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की नक्की कशाने झालं ते कधीच कळत नाही.

पण स्क्रीनवर "सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड" असं आलं, म्हणजे बोर्डाने जपलेली सेटिंग पुसली जाऊन मूळची सेटिंग परत आली होती, तारीख थेट २००९ ची. एफ१ दाबून पुढे गेलो तर विंडोजचा लोगो आला, निळा स्क्रीन झपकन चमकला आणि रिस्टार्ट. परत लोगो, परत निळा, परत रिस्टार्ट. इथेच लोक म्हणतात विंडोज करप्ट झालं आणि फॉरमॅट मारतात, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं कारण त्याची गरजच नसते.

एफ८ दाबून ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद केला तेव्हा निळा स्क्रीन थांबला आणि कोड वाचता आला, शेवटी ७बी. याचा अर्थ विंडोजला स्वतःची बूटची डिस्कच सापडत नाहीये. आता डिस्क तर चांगली होती, आदल्या दिवशीच सगळ्या फाइल्स न अडकता कॉपी झाल्या होत्या, मग? वरची एरर परत आठवली. डिफॉल्ट्स लोडेड. बायोसमध्ये (बोर्डाची सेटिंग बदलायची पानं) गेलो तर साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते सेटिंग, जुन्या पद्धतीचं आयडीई झालेलं, आणि विंडोज इन्स्टॉल केलं तेव्हा ते नव्या पद्धतीचं एएचसीआय होतं. म्हणजे विंडोज सुरुवातीला ज्या ड्रायव्हरने डिस्क उघडतं तो इथे चालणारच नव्हता.

आणि हे सगळं झालं कशामुळे, तर बोर्डावरच्या सेलमुळे. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, नवा असताना ३ व्होल्ट. माझा मोजला तर २.१. कॉम्प्युटर प्लगला लावलेला असेल तर बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टचा स्टँडबाय देत असतो, घड्याळ आणि सेटिंग त्याच्यावर चालतं. प्लग काढून ठेवला की सगळा भार सेलवर, आणि आमचा वर्षभर प्लगविना पडून होता, जुना सेल टिकणार तरी किती. रॅमचे पट्टे खराब झाले तेही त्याच वर्षभरात, धुळीने आणि दमटपणाने.

नवा सेल घातला, तारीख नीट केली (ती चुकीची राहिली तर ब्राउझर जवळजवळ प्रत्येक साइटला सर्टिफिकेट एरर देतो), साटा मोड परत एएचसीआय केला, सेव्ह. विंडोज उघडलं, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा जागच्या जागी.

बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढलाय, आणि "साटा मोड एएचसीआय" एवढंच कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलाय. आईची तिसरी वही आज रात्री स्कॅनला घेतोय.